नालंदाच्या दारात तुम्ही हरता

आधी घोटभर पाणी पिऊन घ्या. पुढचा तासभर तुम्हाला भर उन्हात उभं राहून बोलायचं आहे, आणि तेही संस्कृतात. दहावीला संस्कृत घेऊन शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवले होते ना? बघू या.

साल साधारण 640. जागा मगध, म्हणजे आजचा बिहार. राजगृहाच्या टेकड्या मागे टाकून तुम्ही उत्तरेकडे चालत आलात. महिना मी वैशाख निवडलाय, अगदी मुद्दाम. इथला वाद घाम पुसत पुसतच ऐकला पाहिजे. रस्त्याची धूळ पोटऱ्यांपर्यंत चढली आहे. बैलगाड्यांच्या चाकांची करकर, शेणाचा आणि तापलेल्या मातीचा वास, आणि समोर ती विटांची भिंत. लांबच लांब भिंत, तिला दार एकच. पलीकडे आमराईचे शेंडे दिसतात. तिथे सावली आहे. पण तिथवर पोचायचं तर दारातल्या माणसाला उत्तर द्यावं लागतं.

दारापाशी वीस-पंचवीस जणांचा घोळका आहे. कुणी काश्मीरचा, कुणी सिंहलद्वीपाचा. एकजण डोळे मिटून काहीतरी घोकतोय. दुसरा नुकताच हरलाय आणि सोडलेलं बोचकं पुन्हा बांधतोय. त्याच्याकडे कुणी बघत नाही, कारण थोड्या वेळानं आपलीही तीच गत होणार हे बहुतेकांना ठाऊक आहे. नालंदाचा द्वारपाल हातात भाला घेऊन उभा राहत नाही. तो प्रश्न विचारतो. बाहेरून शिकायला आलेल्या दहांपैकी सात-आठ जण ह्याच प्रश्नांपाशी अडतात, असं युआन श्वांग हा चिनी प्रवासी लिहून ठेवतो. (आपल्या शाळेच्या पुस्तकात तो ह्युएन त्संग होता. माणूस तोच.)

आता तुमची पाळी.

"समोरच्या डोंगरावर आग आहे. कशावरून म्हणाल?"

हे तर सोपं. "धूर दिसतोय, त्यावरून."

"धूर असला की आग असते, असं कुठे पाहिलंत?"

"स्वयंपाकघरात."

"आणि आग नसेल तिथे?"

"तळ्यात आग नाही. धूरही नाही."

"पहाटे तळ्यावर तरंगतं ते काय?"

"धुकं," तुम्ही पटकन म्हणता. घोळक्यातून कौतुकाचा हुंकार येतो. तुमची छाती फुगते. तेवढ्यात तो अगदी सहज विचारतो, "म्हणजे आग असली की धूर असणारच?"

तुम्ही मान डोलावता. झालं! संपलात तुम्ही.

"लोहाराकडे कधी गेलात का? भट्टीतून काढलेला लोखंडाचा लाल गोळा. त्यात आग आहे. आता मला धूर दाखवा."

मागे कुणीतरी फिसकन हसतं. घाम आता पाठीच्या मणक्यावरून ओघळतोय. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागानं कारणाला तीन चाळण्या लावल्या आहेत: ज्याबद्दल बोलताय तिथे ते कारण असलं पाहिजे, तशाच दुसऱ्या ठिकाणीही सापडलं पाहिजे, आणि विरुद्ध ठिकाणी अजिबात सापडता कामा नये. तुमची आग तिसऱ्या चाळणीत अडकली. धूर नसलेल्या जागीही ती निघाली. बोचकं उचला.

दिङ्नाग हे नाव ऐकून परकं वाटून घेऊ नका. महाराष्ट्राच्या पूर्वेकडच्या डोंगरात कोरलेल्या एका विहारात तो पुष्कळदा राहत असे, असं युआन श्वांगनंच नोंदवलंय. त्या विहाराच्या दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत, असंही तो सांगतो. अभ्यासक हे वर्णन अजिंठ्याचं मानतात. सोळाव्या लेण्याच्या वाटेवरचे ते हत्ती तुम्ही सहलीत पाहिले असतील, त्यांच्यापुढे फोटोही काढला असेल. त्या फोटोतल्या पोराला लोहाराचा गोळा ठाऊक असता तर आज ही वेळ आली नसती.

तरी तुम्हाला आत न्यायचंच आहे, तेव्हा जरा लबाडी करू. आसपासच्या शंभरेक गावांचं उत्पन्न ह्या विहाराला लावून दिलेलं आहे आणि दोनशे घरं रोज तांदूळ, तूप, दूध पोचवतात. पहाटे त्या गाड्यांच्या रांगेत शिरा. दुधाचं एक मडकं डोक्यावर घ्या. ओझी वाहणाऱ्याला कुणी हेत्वाभास, म्हणजे कारणातली खोट, विचारत नाही.

आत शिरलात की पहिल्यांदा कानावर घंटा येते. आंघोळीची. दहापेक्षा जास्त तळी आहेत, आणि शेकडो भिक्खू आंघोळीचं वस्त्र घेऊन चारी बाजूंनी त्यांच्याकडे निघालेत. ओल्या कापडाचा वास, दात घासायच्या काड्या चावण्याचा आवाज, पायऱ्यांवर चिखलाळलेली पावलं. कमळाच्या पानांना ढकलत लोक पाण्यात उतरतात. आणि पाण्यात उतरल्यावरही तोंड बंद नाही! गळ्यापर्यंत बुडालेला एक पोरगेला भिक्खू शेजारच्याला सांगतोय की शब्द अनित्य आहे, कारण तो निर्माण केला जातो, मडक्यासारखा. शेजारचा पाण्याची चूळ टाकून विचारतो, "आणि आकाशासारखा का नाही? शब्दालाही आकार नाही, आकाशालाही नाही. मडक्याशी साम्य म्हणून अनित्य, तर आकाशाशी साम्य म्हणून नित्य म्हणू या की!" पहिला गडबडतो. वरवरच्या साम्यावर उभ्या असलेल्या अशा फसव्या उत्तराला 'जाती' म्हणतात, आणि न्यायसूत्रांनी तिचे चोवीस प्रकार मोजून ठेवलेत. पोराला ते सगळे पाठ आहेत. आठवायला मात्र तो तळ्याबाहेर येऊन अंग पुसेपर्यंत वेळ लागतो.

वेळेचं इथे फार कडक काम आहे. तांब्याच्या भांड्यात पाणी, पाण्यावर बुडाला बारीक भोक असलेली वाटी. वाटी भरून बुडाली की नगारा वाजतो. आपल्याकडे जुन्या लग्नांत मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवायचे, तेच हे यंत्र. सकाळपासून आठ वाट्या बुडल्या की मध्यान्ह, आणि मध्यान्हीनंतर जेवण बंद. थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हा संधी आहे तोवर जेवून घ्या.

शेणानं सारवलेल्या जमिनीवर हिरवी पानं पसरलेली आहेत. वीतभर उंचीच्या विणलेल्या बैठकांवर भिक्खू एकमेकांना न शिवता बसलेत. आधी आल्याचा तुकडा आणि चमचाभर मीठ. मग भात. मग वरण, त्यावर कढत तूप, आणि हातानं कालवायचं. इत्सिंग नावाचा दुसरा चिनी प्रवासी काही वर्षांनी असंच सणाचं जेवण वर्णन करून ठेवणार आहे. कांदा नाही, हेसुद्धा तो टिपतो. मोठ्या पंडितांसाठी महाशाली तांदूळ वेगळा शिजतोय. त्याचा दाणा टपोरा आणि घमघमाट असा की वाढप्याचाही हात क्षणभर थांबतो. युआन श्वांगला रोज तो तांदूळ मिळतो, शिवाय वीस सुपाऱ्या, वीस जायफळं आणि थोडा कापूर. तुम्हाला मिळणार नाही. तुम्ही दारात हरलात.

दुपारी ऊन अंगणातल्या विटांवर आपटून डोळ्यांत येतं. चारी बाजूंना खोल्या, मध्ये अंगण, कडेनं ओसरी. रोज शंभराच्या वर ठिकाणी पाठ चालतात. बौद्ध ग्रंथ तर आहेतच, पण वेद, सांख्य, व्याकरण, वैद्यक हेही शिकवलं जातं. ज्यांच्याशी भांडायचं त्यांचा ग्रंथ आधी शिकून घ्यायचा, अशी इथली रीत. मला विचाराल तर नालंदाचं खरं मोठेपण ह्यात आहे, भिंतीच्या लांबीत नाही.

ओसरीच्या सावलीत सात-आठ पोरं सराव करतायत. दुधाच्या मडक्याजागी आता हाती आलेली पाण्याची घागर खाली ठेवा आणि खांबाला टेकून बसा.

"ह्याच्याकडे बघा, हा नवकंबल आहे," एकजण मित्राच्या नव्या कांबळ्याकडे बोट दाखवून म्हणतो.

"खोटं! एकच तर कांबळं आहे. नऊ कुठायत?"

सगळे खिदळतात. विनोद फार जुना आहे. नव म्हणजे नवं आणि नव म्हणजे नऊही. बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच्या तोंडी कोंबायचा, ह्याचं नाव छल. पण खरी गंमत पुढे आहे. त्यांच्यातला एक न्यायाधीश होऊन मधे बसतो आणि निग्रहस्थानं मोजायला लागतो. निग्रहस्थान म्हणजे जिथे तुम्ही बाद होता ती जागा. न्यायसूत्रकार गौतमाच्या (बुद्ध नव्हे) सूत्रांत अशा बावीस जागा आहेत. भलत्याच विषयावर घसरलात, बाद. तेच पुन्हा बोललात, बाद. 'तू चोर' ह्या आरोपाला 'तूही चोर' एवढंच उत्तर दिलंत, तर स्वतःची चोरी मान्य केलीत म्हणून बाद. आणि 'मला जरा काम आहे, निघतो' म्हणून उठून गेलात, तर त्यालाही नाव आहे: विक्षेप. सूत्रकाराला आपली माणसं नीट ठाऊक होती.

मला सर्वांत आवडतात त्या दोन जागा एकमेकींच्या समोर आहेत. प्रतिपक्षानं आपलं म्हणणं तीनदा सांगितलं, सभेला ते कळलं, आणि तरी तुम्हाला ते परत म्हणून दाखवता आलं नाही, तर तुम्ही हरलात. पण त्यानं तीनदा सांगूनही ते तुम्हालाही कळलं नाही आणि सभेलाही कळलं नाही, तर तो हरला. ऐकणाऱ्यावर बंधन, तसंच बोलणाऱ्यावर. ऐका बरं, पोरं काय करतायत: प्रत्येकजण उत्तर देण्याआधी समोरच्याचं वाक्य परत म्हणतोय. त्यानं मान हलवली की मगच पुढे. सगळं अंगण अशा जोड्यांनी गजबजलंय आणि प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं.

वैद्यक शिकणारा एकजण मात्र ह्या सभ्यपणावर नाक मुरडतो. त्यानं चरक वाचलाय. चरकाच्या विमानस्थानात वैद्यांनी एकमेकांशी कसं बोलावं ह्यावर मोठा भाग आहे. मित्रत्वाची चर्चा वेगळी आणि भांडणाची वेगळी. भांडायचं असेल तर आधी समोरचा जोखायचा: आपल्याहून वरचढ, बरोबरीचा की कमी? मग सभा जोखायची: जाणती की अडाणी, आपल्या बाजूची की विरुद्ध? मग डाव टाकायचा. वाचन कमी असलेल्याला लांबलचक सूत्रं म्हणून गार करा, रागीट माणसाला दमवा, भित्र्याला घाबरवा. पोरं डोळे मोठे करून ऐकतात. हा वैद्य पुढे कुणाची नाडी बघेल तेव्हा त्या रोग्याचं काही खरं नाही.

गौतमाची ह्यावर वेगळीच भूमिका आहे. सत्य शोधायचा तो वाद, कसंही करून जिंकायचं तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं फक्त मोडायचं ती वितंडा. पण शेवटच्या दोन्ही तो टाकून देत नाही. कोवळ्या रोपाला काट्यांचं कुंपण घालतात, तशा त्या वापराव्यात, म्हणतो. नालंदाच्या बौद्ध परंपरेतल्या धर्मकीर्तीला हेही मान्य नाही. सज्जनानं लबाडीनं जिंकू नये, एवढं त्याचं सरळ म्हणणं, आणि बावीस जागाही त्यानं दोनवर आणल्या. वादी असेल तर त्यानं साधकबाधक सोडून भरताड बोलू नये, प्रतिवादी असेल तर त्यानं खरा दोष दाखवावा. संपलं. मी धर्मकीर्तीच्या बाजूनं आहे, पण ओसरीवर बसायला मला बावीस जागांवाल्या पोरांतच मजा येते.

संध्याकाळी पोट रिकामं आणि गप्पा भरपूर. कर्णसुवर्ण नावाच्या नगरात एक दाक्षिणात्य पंडित पोटाला तांब्याचे पत्रे बांधून आणि डोक्यावर पेटता दिवा घेऊन फिरत होता, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पत्रे कशाला? विद्येनं पोट फुटेल म्हणून. दिवा कशाला? अंधारातल्या तुमच्यासारख्यांची कीव येते म्हणून. वादाचा नगारा बडवत तो नगरात आला आणि पुढे एका श्रमणापुढे हरला. पाटलिपुत्रात तर हरलेल्या बाजूला बारा वर्षं विहाराची घंटा वाजवायला बंदी होती. जिंकणाऱ्याला हत्तीवर मिरवतात. हरणाऱ्याच्या तोंडाला लाल-पांढरी माती फासतात, अंगावर धूळ टाकतात आणि रानात हाकलतात किंवा खड्ड्यात ढकलतात. तुमच्या पोटऱ्यांवरची धूळ निदान तुमची तुम्ही मिळवलेली आहे.

आणि मग एका सकाळी दारावर काहीतरी टांगलेलं दिसतं.

लोकायत मताच्या एका ब्राह्मणानं चाळीस सिद्धांत लिहून लावलेत. खाली पैज: ह्यातलं एक जरी कुणी खोडून काढलं, तर मी माझं डोकं कापून देईन. दिवस जातात. लोक दारापाशी थांबतात, वाचतात आणि काहीच न बोलता पाण्याला जातात. अडचण समजून घ्या. लोकायतवाला डोळ्यांना दिसतं तेच मानतो. धुरावरून आग म्हणाल तर तो म्हणणार, आग दाखव. अनुमान न मानणाऱ्याला अनुमानानं कसं हरवणार?

शेवटी युआन श्वांगच्या खोलीतला नोकर येतो, ते लिखाण ओढून काढतो, फाडतो आणि पायाखाली तुडवतो. ब्राह्मण संतापतो: "तू कोण?" "मी महायानदेवाचा सेवक." युआन श्वांगला इथे ह्याच नावानं ओळखतात. नाव ऐकून ब्राह्मण गप्प होतो, पण युआन श्वांग त्याला आत बोलावतो आणि शीलभद्रांसमोर बसवतो. वृद्ध शीलभद्र ह्या विहाराचे प्रमुख. वयानं शंभरी ओलांडलेले, असं सांगतात, आणि तिशीत असताना त्यांनी स्वतः दक्षिणेतल्या एका पंडिताला हरवलेलं. घागर घेऊन तुम्ही भिंतीला चिकटून उभे राहा. इतकी गर्दी आहे की शेजाऱ्याच्या काखेतला घाम तुमच्या खांद्यावर येतोय.

युआन श्वांग एकेका पंथाचा समाचार घेतो. राख फासणारे, कवट्यांच्या माळा घालणारे, केस उपटणारे. मग सांख्यांच्या पंचवीस तत्त्वांवर येतो आणि तिथे बराच वेळ रमतो. तुमच्या डोक्यात मात्र ओसरीवरचा धडा वाजायला लागतो: सांख्य? समोर तर लोकायतवाला बसलाय. ही विषयांतराची जागा नाही का? बाद! पण पाणी वाहणाऱ्यानं सभेत तोंड उघडायचं नसतं. प्रश्न-उत्तरं पुन्हा पुन्हा होतात आणि ब्राह्मण गप्प होतो. मग उठून म्हणतो, मी हरलो, ठरल्याप्रमाणे करा.

"आम्ही कुणाचा जीव घेत नाही," युआन श्वांग म्हणतो. "माझा सेवक हो." हे सगळं त्याच्याच हुइली नावाच्या शिष्यानं त्याच्या चरित्रात लिहिलंय, तेव्हा जिंकणाऱ्याची बाजू थोडी चकचकीत झाली असणार, हे धरून चाला.

खरी गोष्ट ह्यानंतर घडते. महायानाचं खंडन करणारा सातशे श्लोकांचा एक ग्रंथ युआन श्वांगच्या हाती आलाय. दक्षिणेतल्या प्रज्ञागुप्त नावाच्या पंडिताचा. त्याला उत्तर द्यायचं आहे, पण काही जागा उलगडत नाहीत. तो आपल्या नव्या सेवकाला विचारतो: हा ग्रंथ ऐकलायस का? पाच वेळा, ब्राह्मण सांगतो. मग शिकव मला. ब्राह्मण बिचकतो: मी सेवक, आपल्याला कसा शिकवू? आणि शिकवायचंच असेल तर रात्री उशिरा शिकवतो. सेवकाकडून शिकले असं लोकांनी म्हणू नये, आपलं नाव खराब होईल.

म्हणून तुम्ही अजून जागे आहात. पोटात सकाळचा भात कधीच जिरलाय, डासांनी पाय फोडून काढलेत, दिव्यात तेल घालायचं काम तुमच्याकडे आहे. चरित्रात तुमचा उल्लेख नाही. दिव्याला तेल घालणाऱ्याची नोंद कोण करतो? हरलेला माणूस एकेक श्लोक उलगडतोय. जिंकलेला ऐकतोय, अडतोय, पुन्हा विचारतोय. कुणी हत्तीवर बसलेला नाही, कुणाच्या तोंडाला माती नाही. मी ज्या अनेक वादसभा वाचल्या त्यांत वाद हा शब्द पुरता लागू पडतो तो इथे.

त्यातून सोळाशे श्लोकांचं उत्तर तयार झालं. युआन श्वांगनं ब्राह्मणाला मोकळं केलं. तो कामरूपाला, म्हणजे आसामकडे गेला आणि तिथल्या राजाला, भास्करवर्म्याला, आपल्याला हरवणाऱ्याची थोरवी सांगून आला. पुढे राजा हर्षानं कनौजला मोठी सभा भरवली. युआन श्वांगनं आपला सिद्धांत दाराशी लावला, चूक दाखवणाऱ्याला स्वतःचं डोकं देऊ केलं, आणि अठरा दिवस कुणीही उठलं नाही. मात्र ह्या पाहुण्याला इजा करणाऱ्याचं डोकं आणि निंदा करणाऱ्याची जीभ छाटली जाईल, अशी राजाची दवंडी आधीच फिरली होती. रीतसर वाद करणाऱ्याला भीती नाही, असंही त्यात होतं म्हणे. मी नसतो उठलो.

कनौजचे ते अठरा दिवस चरित्रात मोठ्या थाटानं येतात. नालंदाच्या दारावरच्या चाळीस सिद्धांतांपैकी एकही त्यात दिलेला नाही. सोळाशे श्लोकांचा तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. आणि पाच वेळा ऐकलेला ग्रंथ रात्री बसून शत्रूला समजावून देणारा तो ब्राह्मण, जो माझ्या मते त्या सगळ्या खेळातला सर्वांत चोख खेळाडू होता, त्याचं नाव कुणीच लिहून ठेवलेलं नाही.